दीड वितीची काळी

कुंद्याला जो गवत म्हणतो त्याने कुंदा कधी खोदलेला नसतो. गवत उपटलं की हातात येतं. कुंदा हातात येत नाही; हाताची साल घेऊन जमिनीतच राहतो. वर बोटभर हिरवं पातं दिसतं, आणि खाली त्याच्या मुळ्या सुतळीसारख्या एकमेकींत गुंतत पार कुठल्या कुठे गेलेल्या असतात. कुदळीने तुटलेला एकेक तुकडा पावसाळ्यात पुन्हा फुटतो. आमच्या किन्हीराजाच्या शिवारात ज्याच्या तळहाताला कुंद्याने घट्टे पाडले नाहीत असा माणूस शोधून सापडला नसता, आणि त्या सगळ्या हातांमध्ये जानराव इढोळ्याचे हात पाहण्यासारखे होते. मूठ त्याला पुरती उघडता येत नसे. जेवायला बसला तरी बोटं कुदळीचा दांडा धरल्यासारखी वळलेली असायची.

मोठ्या काळाच्या, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या साली त्याचा जन्म झाला. माणसं झाडपाला शिजवून खात होती त्या साली आपण आलो आणि तरी जगलो, याचा त्याला एक मुका अभिमान होता. उंच, वाळलेला, बोलायला सावकाश. त्याचा बाप रामराव मात्र मोठ्या आवाजाचा, मोठ्या फेट्याचा माणूस. चार माणसांत बसला की रामराव बोले आणि जानराव सतरंजीची किनार पाहत राही. बापाच्या शब्दावर शब्द टाकलेला त्याला कोणी ऐकलं नाही.

इढोळ्यांचं वावर एकच, पण ते डोंगराच्या पायथ्यापासून नाल्यापर्यंत उतरत आलेलं. नाल्याच्या अंगाला काळी माती कंबरभर खोल. तिथून वर चढत जावं तशी ती पातळ होत जाई, आणि वावराच्या तीन हिश्श्यांपैकी वरच्या दोहोंत काळीचा थर उरे जेमतेम दीड वितीचा. त्याच्याखाली चुनखडी. पांढरी, खडे मिसळलेली, पाण्यात भिजली की लगद्यासारखी आणि वाळली की भिंतीसारखी. चुनखडीत काही उगवत नाही. पण दीड वीत काळीही थोडी नसते. वखर चार बोटं जातो. ज्वारीची मुळी वीतभर जाते. पराटीची, म्हणजे कपाशीची मुळी थोडी खाली उतरते आणि पांढरं लागलं की शहाण्या सुनेसारखी आडवी वळते. त्या दीड वितीने इढोळ्यांच्या तीन पिढ्या पोसल्या. ज्वारीचं कणीस मोठं होत नसे, पण दाणा भारी यायचा, आणि कणगी कधी तळाला गेली नाही.

आमच्याकडे जमिनीची खोली अंगाने सांगतात. घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, छातीभर. आणि सगळ्यांत वर पुरुषभर, म्हणजे उभ्या माणसाने हात वर केले तरी बुडेल इतकी. सोयरिकीच्या बैठकीत दोन्ही घरं आधी आपापली काळी सांगत आणि मग पुढचं बोलणं निघे. सांगणारा सांगे, ऐकणारा मान डोलावी. खरं-खोटं पाहायला वावरात कोणी जात नसे. तसं जाणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या बायकोसमोर कणगीचं झाकण काढून पाहण्यासारखं.

जानरावच्या लग्नात रामरावने सांगितलं, पुरुषभर. त्या शब्दावर रिठदहून सोजरबाई सून होऊन आली. पहिल्याच उन्हाळ्यात वावराच्या वरच्या अंगाला खोदताना तिची कुदळ दीड वितीवर पांढऱ्यात खणकन वाजली. तिने खाली पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात धरून हसायला लागली. "मले पुरुषभर सांगून आनलं, अन् दीड वितीत उतरवलं," हे ती पुढे जन्मभर म्हणत राहिली. भांडणात म्हणे, लाडातही म्हणे. जानरावला दोन्ही वेळा हसू येई.

त्यांना एकच मुलगी, पंचफुला. ती न्हातीधुती झाली तेव्हा कामरगावच्या नानाजीच्या मुलाची सोयरीक आली. नानाजी म्हणजे गमतीचा माणूस. हातात अडकित्ता, बोटात सुपारी आणि जिभेवर कोणाची तरी फिरकी. बैठकीत म्हाताऱ्या रामरावने फेटा बांधून तेच सांगितलं, पुरुषभर. नानाजीने आपल्या विहिरीचं पाणी बारमाही असल्याचं सांगितलं. दोन्हीकडच्या माना डोलल्या, सुपारी फुटली. जानराव बापाशेजारी बसला होता. तो बोलला नाही. पंचफुला कामरगावी नांदायला गेली, तिला लेकरंबाळं झाली, आणि एका थंडीत रामराव गेला. त्याचा शब्द मात्र त्या दोन घरांच्या मधे उभाच राहिला.

कुंदा आधी नाल्याकाठी होता. जानराव तरुण होता तोवर तो आणि सोजरबाई दर उन्हाळ्यात त्याला मागे रेटत. मग हातांतला जोर उतरला आणि कुंदा चढू लागला. खालचा कंबरभर काळीचा पट्टा त्याने आधी खाल्ला. तिथे पराटी दिसेनाशी झाली, नुसतं हिरवं पातं डुलायचं, दुरून पाहणाऱ्याला वाटावं केवढं पीक आलंय. तिथून तो दरसाल थोडा थोडा वर सरकत होता. जानराव संध्याकाळी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभा राहून पाही, कुठवर आला. पंचफुलाच्या मागे घरात मूल नव्हतं, दोघांच्या कमरा गेल्या होत्या, आणि त्या उताराशिवाय त्यांच्याजवळ दुसरी जमीन नव्हती. कुंदा डोंगराला भिडला की इढोळ्यांचं वावर संपलं, हे दोघांनाही कळत होतं. ते एकमेकांना सांगत नसत.

मोठी लढाई संपली त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे ट्रॅक्टर आले. कारंज्याचे सैफुद्दीन शेठ लाकडाचे व्यापारी. पलटणीचं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यांनी दोन ट्रॅक्टर घेतले आणि कुंदा मोडायला गावोगाव भाड्याने फिरवू लागले. एक मोठा, साखळीवर चालणारा, गोठ्याएवढा. तो गावात शिरला तेव्हा छपरांवरचे कवेलू थरथरले आणि कोंबड्या झाडावर गेल्या. दुसरा लहान, रबरी चाकांचा, म्हशीच्या बेताचा. लोक दोघांनाही गाडीच म्हणत, मोठी गाडी आणि लहानी गाडी. चालवणारा धरमसिंग उत्तरेकडचा, पलटणीत मोटार हाकलेला, कमी बोलणारा माणूस.

भाड्यासाठी जानरावने बैलांच्या दोन जोड्यांपैकी एक मालेगावच्या बाजारात विकली. आता प्रश्न एवढाच होता, कोणती गाडी लावायची. आदल्या सांजेला सोजरबाईने भाकरी थापता थापता विषय काढला. लहान गाडी वीतभर जाते, असं तिने पाणवठ्यावर ऐकलं होतं.

"लहानीच सांगा," ती म्हणाली. "आपल्याले तेवढंच पाह्यजे. दोन-तीन उन्हाळे आनू. मुळ्या वरच्यावर तुटत राह्यल्या का कुंदा थकते."

"मोठी एकाच उन्हाळ्यात काढते म्हनतात."

"काढते. कुंदाबी काढते अन् वावरबी काढते."

जानराव हसला. मोठी हवीच असेल तर फक्त खालच्या पट्ट्यात फिरवावी, असंही तिने सुचवलं. तो म्हणाला, खाली एक अन् वर एक कशाला, लहानीच सांगतो. ती निश्चिंत झाली. त्या सांजेला त्यांच्या घरातून बऱ्याच दिवसांनी बोलण्याचा आवाज येत होता.

सकाळी जानराव पारावर गेला तेव्हा शेठच्या मांडीला मांडी लावून नानाजी बसलेला. नानाजीच्या वावरातही कुंदा होता. गाडी कशी चालते ते आधी इवायाच्या, म्हणजे व्याह्याच्या वावरात पाहावं आणि मग आपण ठरवावं, म्हणून तो दमणी जुंपून आला होता. भोवती अर्धं गाव जमलेलं. रामराम झाला, चहा झाला. शेठ सरळ माणूस. त्यांनी सगळ्यांसमोर समजावून सांगितलं.

"पटेल, लहान गाडी वीतभर जाते. मोठी हातभर जाते, दाबली तं त्याच्याहूनबी खाली. खाली काळी असन तं मोठी घ्या, एका खेपेत काम होते. पन खाली पांढरं असन तं मोठी नोका घेऊ. ते एकडाव वर आलं का मंग कोनाच्या बापाच्यानं खाली जात नाही. तुमची काळी किती हाय?"

असं विचारून त्यांनी माणसाला हाक मारली आणि गाडीवरची लोखंडी पहार काढायला सांगितली. कुठल्याही वावरात नांगर घालण्याआधी चार ठिकाणी पहार ठोकून खोली पाहायची, ही त्यांची रीत.

नानाजीने सुपारी कातरता कातरता मान वर केली. "शेठ, पहार कायले आनता? आमच्या इवायाची काळी पुरुषभर हाय. सोयरिकीत सांगतलं हाय आमाले. तुमी पहार ठोकान तं पहारच गमवान."

लोक हसले. शेठही हसले. जानराव हसला नाही.

त्याच्या मनात काय आलं ते त्याने नंतर सोजरबाईला सांगितलं आणि तिच्याकडून ते चार घरांत कळलं. त्याला वाटलं, आपण आता दीड वीत म्हटलं तर म्हातारा रामराव पुन्हा एकदा मरेल, आणि या खेपेला चारचौघांत. कामरगावच्या चुलीपाशी पंचफुलाला जन्मभर ऐकावं लागेल, की तुझ्या आजाने सतरंजीवर बसून खोटं सांगितलं. लहान गाडी मागितली तरी तेच. फक्त खालच्या पट्ट्यात मोठी मागितली तरी तेच. जिकडून जावं तिकडे तोच शब्द आडवा.

"पुरुषभर हाय," तो म्हणाला. "मोठीच लावा."

शेठने त्याच्याकडे नीट पाहिलं. इतक्या गावांची माती पाहिलेला माणूस, त्यांना काहीतरी खटकलं असावं. एक डाव पाहून घेऊ, दोन घटका लागत नाहीत, असं ते हळूच म्हणाले. जानराव उठला, पुढे झाला आणि त्याने आपला वाकड्या बोटांचा हात पहारीवर ठेवला.

"माह्या बावाचा शब्द हाय, शेठ. त्याले पहार नोका लावू."

शेठने पहार परत गाडीवर ठेवायला सांगितली. 

मोठी गाडी खालून, नाल्याच्या अंगाने लागली. खरं सांगायचं तर तसं देखणं काम आमच्या गावाने पाहिलं नव्हतं. नांगर मातीत शिरला की पाण्यात नाव शिरावी तशी काळी दोन्ही बाजूंना उघडत जाई, आणि त्यातून कुंद्याच्या मुळ्या जाळ्याच्या जाळ्या बाहेर पडत. ज्या मुळीसाठी जानराव अर्धा दिवस खड्ड्यात उतरून बसत असे, ती सापासारखी उन्हात येऊन पडत होती. बायका ती उचलून धुऱ्यावर ढीग करत होत्या. सोजरबाईने एक जाळी हातात घेऊन तिचं वजन केलं, आणि एवढी वर्षं हिनेच आपली कंबर मोडली म्हणून तिला शिवी दिली. नानाजी गाडीच्या मागे मागे चालत होता. इवायाची काळी खरंच लोण्यासारखी आहे, असं तो दहा जणांना ऐकवत होता. जानराव त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

खालचा पट्टा झाला आणि गाडी वर चढायला लागली.

पहिली पांढरी रेघ निघाली तेव्हा ती कोणाच्या लक्षात आली नाही. काळ्या ढेकळांत एखादा चुन्याचा खडा दिसावा तेवढी. पुढच्या तासाला, म्हणजे नांगराच्या पुढच्या ओळीत, ती करंगळीएवढी झाली, त्याच्या पुढच्याला मनगटाएवढी. सोजरबाई धुऱ्यावर उभी होती. व्याह्यासमोर तिला बोलता येत नव्हतं. तिने डोक्यावर पाण्याची घागर घेतली आणि नांगरलेल्या ढेकळांतून ठेचकाळत सरळ गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"धरमसिंगभाऊ, पानी पिऊन घ्या," ती म्हणाली.

धरमसिंगने गाडी थांबवली. तो पाणी प्याला. ती नवऱ्याकडे पाहत होती. नवरा डोंगराकडे पाहत होता. ओंजळ झटकून धरमसिंगने मागे वळून तासाकडे पाहिलं आणि मग जानरावला विचारलं.

"पटेल, सफेद निकल रहा है. नांगर ऊपर ले लूँ?"

ती वेळ होती. नांगर एक वीत वर उचलला असता तर वरचं वावर वाचलं असतं. जानरावने मान नुसती हलवली असती तरी धरमसिंगला कळलं असतं. पण नानाजी शेजारी आला होता. त्याने वाकून पांढऱ्या मातीचं एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं.

"काहो इवाई," तो म्हणाला, "हे पांढरं कायचं निंगून राह्यलं?"

जानराव सावकाश बोलणारा माणूस. त्या वेळी मात्र तो लगेच बोलला.

"इथं चुन्याची भट्टी होती. आज्याच्या वक्ताले. त्याचंच हाय. खाली काळी हाय."

नानाजीने ढेकूळ टाकलं, हात झटकले. जानराव धरमसिंगकडे वळला.

"अजून दाब. खाली काळी लागते."

धरमसिंगने खांदे उडवले आणि नांगर दाबला. सोजरबाई घागर घेऊन बाजूला झाली.

काळी लागली नाही. दीड वितीच्या खाली जे होतं ते हातभर खोलीतून वर येत राहिलं, आणि वरची काळी ढेकळांच्या तळाशी गाडली गेली. गाडी डोंगराच्या पायथ्याला जाऊन भिडेपर्यंत जानराव तिच्या मागे चालत होता. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं की मागे वावर नव्हतंच. राख सांडावी तसा एक पांढरा उतार होता, त्याच्या खालच्या टोकाला काळी किनार.

शेठ संध्याकाळी आले. धुऱ्यावर उभे राहून त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.  जाताना सोजरबाईला सांगितलं, बाई, हे मला माहीत असतं तर मी गाडी परत नेली असती. तिने मान हलवली.

पावसाळा लागला तसा पांढरा उतार भिजून लगदा झाला आणि उघाडीत वाळून कडक पापडी. जानरावने उरलेल्या एका जोडीवर ज्वारी पेरली. ती उगवली, कारण बी चांगलं होतं. वीतभर झाली, हळदीसारखी पिवळी पडली आणि उभ्या उभ्या वाळली. पराटीही तशीच. पानं आधी काठाने जळाली. गंमत अशी की त्या पांढऱ्यात कुंदाही उगवला नाही. खालच्या काळ्या किनारीत मात्र बोंडं अशी फुटली की जाणारा-येणारा थांबून पाही. पण ती किनार म्हणजे धोतराचा काठ. काठ नेसून अंग झाकलं जात नाही.

गावाला एक नवीन थट्टा मिळाली. जानरावभाऊ, चुना तं मोप झाला, आता पानमळा लावा, असं कोणीतरी पारावर म्हणालं. जानराव त्या वाटेने जाणं सोडून लांबून जाऊ लागला.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्या दोघांनी नाल्यातला गाळ वर न्यायला सुरुवात केली. बैलगाडी चढणीच्या अर्ध्यावर जाई, पुढे टोपल्या. सोजरबाई भरून देई, जानराव डोक्यावर घेऊन वर जाई आणि ओतून हाताने पसरी. एक टोपली पसरली की सुपाएवढी जागा काळी दिसे. कितीतरी दिवस असं चाललं. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले, मग त्या वेळी धुऱ्यावरून जाणं टाळू लागले. एवढं करून वावराचा एक कोपरा काळा झाला. मग त्यात वखर घातला आणि वखराच्या पात्याने खालचं पांढरं पुन्हा वर आणलं. न वखरता पेरावं तर पापडीतून कोंब निघत नव्हता. पावसात डोंगराचं पाणी उतारावरून आलं आणि तो गाळ जिथून आणला होता तिथे, नाल्यात, परत घेऊन गेलं.

सोजरबाई एवढंच म्हणाली, "पुढच्या साली वर बांध घालू, मंग टाकू." तिचा तो स्वभावच. जानरावने होय म्हटलं.

त्या वर्षी माघात नानाजी आला. पंचफुलाला माहेरी सोडायचं निमित्त. जेवण झाल्यावर तो म्हणाला, चला इवाई, वावरातून येऊ. दोघं जाऊन वरच्या धुऱ्यावर उभे राहिले. ऊन असं की पांढऱ्याकडे पाहवत नव्हतं. नानाजीने अडकित्ता काढला आणि न वापरताच परत कनवटीला लावला.  मग पहिल्यांदाच त्याने व्याह्याला नावाने हाक मारली.

"जानराव, मले ठाऊक होतं."

जानरावने विचारलं, काय ठाऊक होतं.

"काळी. सोयरिकीले आलो तवाच मी हा धुरा पाहून गेलतो. ह्या बाभळी पाहा. बुटक्या, गाठी गाठी झालेल्या. खाली पांढरं असल्याबिगर बाभूळ अशी खुंटत नाही. मी घरी जाऊन सांगतलं, का दोन-तीन वितींच्या वर नसन. तरी पोरगी केली. पोरगी चांगली होती." तो थांबला. "पुरुषभर तं सारेच सांगतात. ऐकनारा कमरेपरेंत धरते. आमीबी सांगतलं होतं, हिर बारमाही हाय म्हनून. इचारा तुमच्या लेकीले, चैतात पान्याले कुठं जाते तं."

"मंग त्या दिवशी पारावर तसं काहून बोलले?"

"मस्करी केली. इवाई मस्करी करते. मले काय ठाऊक, तुमी खरीच लावान."

"अन् वावरात? ढेकूळ हातात घेतलं होतं तुमी."

नानाजी खाली पाहू लागला. "तुमी भट्टी सांगतली," तो म्हणाला. "चार मानसांत इवायाले खोटा पाडू?"

  दोघं वेगवेगळ्या बाजूला पाहत उभे राहिले, आणि मग परत आले. दुसऱ्या दिवशी नानाजीने दमणी जुंपली, तेव्हा जानराव त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेला. रीत असते.

त्यानंतर त्याने टोपली उचलली नाही. उन्हाळा आला तेव्हा सोजरबाईने बांधाचा विषय काढला. तो म्हणाला, नाही. का नाही, हे तिने विचारलं नाही. नानाजी काय बोलला ते त्याने तिला सांगितलं होतं. ते ऐकून ती थोडा वेळ चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली आणि मग म्हणाली, मी मधी उभी होती, मीच बोलून टाकाचं होतं. जानराव म्हणाला, तू पाणी घेऊन आली होती. त्या घरात त्या विषयावर तेवढंच बोलणं झालं. दीड वितीचं ते लाडाचं वाक्य मात्र तिच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकलं नाही.

खालची किनार एका जोडीलाही पुरेना. जोडी विकली, किनार बटईने, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला दिली. वरच्या उताराची काटेरी कुंपणं लोकांनी सरपणाला नेली आणि जानरावने कोणाला अडवलं नाही. गुरं आत शिरत, चार पावलं जात आणि खायला काही नाही म्हणून परत फिरत. आधी सोजरबाई दुसऱ्यांच्या वावरात रोजाने जाऊ लागली. मग जानरावही.

पन्नाशीच्या घरात आलेला माणूस, आयुष्यात कधी दुसऱ्याच्या तिफणीचं रुमणं न धरलेला, त्या मृगात गावातल्याच एका भाऊबंदाच्या पेरणीला गेला. त्यांचं वावर नाल्याच्या वळणावर. खोल काळी. पाऊस चांगला मुरलेला, वाफसा आलेला. बैल तयार होते. सोजरबाई तिफणीच्या मागे चाड्यावर मूठ धरून उभी होती, मुठीत ज्वारी.

पहिल्याच पावलाला जानरावचा पाय घोट्याच्या वर रुतला. थंड, ओली, मऊ माती बोटांच्या मधून वर आली. त्याने पाय काढला नाही. दुसराही टाकला आणि तोही रुतू दिला, आणि तसाच उभा राहिला. बैलांनी माना वळवून पाहिलं. धुऱ्यावरून वावराच्या मालकाने विचारलं, जानरावभाऊ, काहून थांबले, काही तुटलं काय.

"काही नाही," तो म्हणाला.

त्याने रुमणं दाबलं आणि बैल हाकले. मागे सोजरबाईने मूठ सैल केली, आणि दाणे चाड्यात उतरू लागले.